शस्त्रवैद्याचा नट झाला

पूर्वीं मराठी नट बहुधा नाटकमंडळींतच वाढे. लहानपणीं घर सोडावें, कंपनींत दाखल व्हावें आणि तेथेंच आयुष्य वेंचावें, असा तो क्रम होता. सुशिक्षित घरांतील मुलगा नाटकाच्या नादीं लागला, तर तो बुडालाच असें वडीलधाऱ्यांस वाटे. अशा समाजांत, ज्याच्या हातीं मानाची विद्या व भरवशाची मिळकत आहे त्यानें ती आपण होऊन बाजूस ठेवावी व नटाचा पेशा पत्करावा, ही गोष्ट विरळाच. पुण्याचे डॉ. श्रीराम लागू यांनीं ती केली.

त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजीं सातारा येथें झाला. शिक्षण मात्र पुण्यांत, भावे हायस्कूल, फर्ग्युसन कॉलेज व बी. जे. मेडिकल कॉलेज येथें झालें. वैद्यकाचा अभ्यास चालू असतांनाच नाटकाची गोडी लागली, आणि भालबा केळकर प्रभृतींबरोबर ते प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनच्या प्रयोगांत उतरूं लागले. कान, नाक व घसा यांच्या शस्त्रक्रियेंत त्यांनीं प्रावीण्य संपादिलें. पुण्यांत व्यवसाय केला. अधिक शिक्षणासाठीं कॅनडा व इंग्लंड गांठलें. टांझानियांतील टबोरा येथेंही रुग्णसेवा केली.

दिवसा व्यवसाय व रात्रीं नाटक, ही वाट हौशी नटास पुरते. परंतु रुग्ण थांबत नाहीं, आणि प्रयोगाची घंटाही थांबत नाहीं. अखेर १९६९ सालीं, चाळिशी उलटल्यावर, वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकापासून लागू पूर्णवेळ नट झाले.

हा निर्णय फसता तर मागें परतणें सोपें नव्हतें. तो फसला नाहीं. २३ डिसेंबर १९७० रोजीं वि. वा. शिरवाडकरांचें 'नटसम्राट' रंगभूमीवर आलें. सर्वस्व मुलांस वाटून देऊन निराधार झालेला वृद्ध नट अप्पासाहेब बेलवलकर, त्रेचाळीस वर्षांच्या लागूंनीं असा उभा केला कीं पुढील प्रत्येक बेलवलकराची तुलना त्यांच्याशींच होऊं लागली.

चित्रपटानेंही त्यांस लवकरच आपलेंसें केलें. व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा' (१९७२) मध्यें ते तमाशाच्या मोहांत सांपडून अधःपात पावणारे शाळामास्तर झाले. 'सामना' व 'सिंहासन' या जब्बार पटेलांच्या चित्रपटांतील त्यांच्या भूमिकाही गाजल्या. 'गांधी' (१९८२) या इंग्रजी चित्रपटांत ते नामदार गोखले झाले. ज्या फर्ग्युसनमध्यें गोखल्यांनीं शिकविलें, तेथेंच लागू शिकले होते.

वैद्यकी सुटली, तरी तिनें दिलेली चिकित्सक बुद्धि सुटली नाहीं. ते उघडपणें विवेकवादी राहिले आणि अंधश्रद्धेच्या निर्मूलनासाठीं व्याख्यानेंही देत राहिले.

१७ डिसेंबर २०१९ रोजीं पुण्यांतच त्यांचें देहावसान झालें. आत्मचरित्रास त्यांनीं 'लमाण' हें नांव दिलें. लमाण म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून गांवोगांव पोंचविणारा. नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत नेणें, एवढेंच नटाचें काम, असें त्या नांवांत सुचविलेलें आहे. ज्यानें या कामासाठीं भरला व्यवसाय सोडला, त्याच्या तोंडीं ही विनम्रता अधिकच शोभते.