सर्व्हरमध्ये डिस्कच नसेल तर? 'सॅन बूट'च्या मर्यादा सोप्या भाषेत

बँकेत किंवा तहसील कार्यालयात 'सर्व्हर डाऊन आहे' हे उत्तर आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण सर्व्हर सुरू व्हायला लागणारी ऑपरेटिंग सिस्टम नेमकी कुठे असते? लॅपटॉपमध्ये ती आतल्या डिस्कवर असते. डेटा सेंटरमधल्या काही सर्व्हरमध्ये मात्र डिस्कच नसते. ते नेटवर्कवरच्या सामाईक स्टोरेजमधून सुरू होतात. याला 'सॅन बूट' म्हणतात.

सॅन म्हणजे काय?

सॅन म्हणजे स्टोरेज एरिया नेटवर्क. अनेक डिस्क एका मोठ्या यंत्रणेत बसवतात आणि ती फायबर चॅनल किंवा आयस्कझी तंत्राने सर्व्हरना जोडतात. त्यातल्या जागेचे भाग करून प्रत्येक सर्व्हरला वेगळा भाग देतात. या भागाला 'लन' म्हणतात. सर्व्हरला तो स्वतःच्या डिस्कसारखाच दिसतो.

फायदा काय?

सर्व्हर बिघडला तर त्याचा लन तशाच दुसऱ्या सर्व्हरला जोडून काम पुन्हा सुरू करता येतं. बॅकअपही एकाच ठिकाणी घेता येतो.

मग अडतं कुठे?

१. स्टोरेज गेलं की सगळंच गेलं: फक्त डेटा सॅनवर असेल, तर स्टोरेज तुटल्यावरही सर्व्हर चालू राहतो आणि आत जाऊन बिघाड शोधता येतो. ऑपरेटिंग सिस्टमच तिकडे असेल तर तीही सोय उरत नाही. लिनक्स डिस्कच्या उत्तरासाठी साधारणपणे ३० सेकंद थांबतं आणि पुन्हा प्रयत्न करतं. तरीही उत्तर आलं नाही, तर मुख्य फाइल सिस्टमवर लिहिणं बऱ्याचदा बंद होतं. म्हणजे काय बिघडलं याची नोंदसुद्धा डिस्कवर होत नाही.

२. वीज आल्यावरची गर्दी: आधी नेटवर्क स्विच, मग स्टोरेज आणि शेवटी सर्व्हर, हा क्रम पाळावाच लागतो. सगळे सर्व्हर एकदम सुरू झाले तर स्टोरेजवर ताण येतो. याला 'बूट स्टॉर्म' म्हणतात. त्यात स्टोरेज सांभाळणारा सर्व्हरच त्या स्टोरेजवरून बूट होत असेल, तर किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, अशी गत होते.

३. कार्ड बदललं की ओळख हरवते: फायबर चॅनलमध्ये सर्व्हरच्या एचबीए कार्डला ६४ बिटांचा क्रमांक असतो. कोणता लन कोणाला दाखवायचा, हे त्यावरून ठरतं. कार्ड जळून नवीन बसवलं की क्रमांक बदलतो आणि सर्व्हरला स्वतःची डिस्क सापडत नाही. मग स्विच, स्टोरेज आणि नवीन कार्ड अशा तिन्ही ठिकाणी सेटिंग करावं लागतं. अनेक ब्लेड सर्व्हरमध्ये आभासी क्रमांक देऊन ही अडचण टाळतात.

४. रस्ते दोन, सुरुवातीला एकच: स्टोरेजपर्यंतचे अनेक मार्ग सांभाळणारं 'मल्टिपाथ' सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टमसोबत सुरू होतं. त्याआधी तोच लन दोन-चार वेगळ्या डिस्कसारखा दिसू शकतो. म्हणून इन्स्टॉल करताना एकच मार्ग चालू ठेवण्याची पद्धत आहे. बूटसाठी पर्यायी मार्ग कार्डच्या सेटिंगमध्ये आधीच भरून ठेवावा लागतो.

५. क्रॅशचा पुरावा: सर्व्हर कोसळताना मेमरीतली माहिती डिस्कवर उतरवतो. याला 'क्रॅश डम्प' म्हणतात. पण स्टोरेजचा मार्ग तुटल्यामुळेच तो कोसळला असेल, तर हा पुरावा लिहायला जागाच नसते.

उपाय काय?

बरेच जण मधला मार्ग निवडतात. ऑपरेटिंग सिस्टम सर्व्हरमधल्या दोन छोट्या डिस्कवर, एकीची नक्कल दुसरीवर ठेवून, आणि डेटा सॅनवर. सॅन बूटच हवं असेल तर दोन स्वतंत्र स्विच, प्रत्येक सर्व्हरला स्वतःचा लन आणि सुरू करण्याचा क्रम कागदावर लिहिलेला हवा.

आणि चाचणी? एक केबल काढल्यावर चालू सर्व्हर टिकला, एवढ्यावर थांबू नका. ती केबल काढलेली असतानाच सर्व्हर रीस्टार्ट करून बघा. बूटचा पर्यायी मार्ग भरायचा राहिला असेल, तर तो तिथेच कळतो.