चेक इंजिनचा दिवा नेमका कुणासाठी?

घाट ओलांडून पिरंगुटला पोचता पोचता डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाले दादा स्टेअरिंगखाली स्कॅनर लावतात आणि कोड येतो: पी०३०१. हे कोड आले कुठून, ते आज बघू.

सुरुवात लॉस एंजेलिसच्या धुरक्यापासून. हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात दाखवून दिलं, की त्यामागे मोटारींचा धूर आहे. मग कायदे कडक झाले आणि इंजिनावर लक्ष ठेवायला कॉम्प्युटर आला. १९८१च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत कोड चक्क दिव्याच्या उघडझापीवरून मोजायचे. एकदा लुकलुक, जरा थांबून दोनदा, म्हणजे कोड १२! पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. शेवटी १९९६पासून अमेरिकेत सगळ्या नव्या कारना ओबीडी-२ सक्तीचं झालं: सॉकेट एकसारखं, मुख्य कोडही एकसारखे.

आपल्याकडे १ एप्रिल २०१० रोजी बीएस-४ आधी १३ शहरांत आलं. त्यात पुणे होतं. त्यासोबत ओबीडी आलं, आणि २०१३पासून ओबीडी-२.

म्हणजे हे कोड सक्तीचे झाले ते हवेसाठी, गॅरेजच्या सोयीसाठी नाही. म्हणूनच कोड लक्षण सांगतो, कुठला पार्ट बदला ते सांगत नाही. पी०३०१ मधला पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग, ० म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान कोड, ३ म्हणजे इग्निशन किंवा मिसफायर, ०१ म्हणजे पहिला सिलिंडर. पण कारण? प्लग, कॉइल, इंजेक्टर, कम्प्रेशन, काहीही असू शकतं.

मी सॉफ्टवेअरवाला, रोज एरर लॉग वाचतो. लॉग सांगतो कुठे फुटलं. का फुटलं, ते आपणच शोधायचं. इथेही तसंच. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर पहिली आणि दुसरी अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी फिरवा. आता पी०३०२ आला, तर दोषी कॉइलच. नवा पार्ट न घेता निदान झालं!

पी०४२० आला की काही जण थेट महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगतात. आधी एक्झॉस्टची गळती आणि ऑक्सिजन सेन्सर बघायला हवेत. आणि नुसता कोड पुसला म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही. दिवा परत लागतोच.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमध्ये एवढंच विचारा, "दादा, कोड कुठला आला, आणि पार्ट बदलायच्या आधी काय काय तपासलंत?" चांगल्या मेकॅनिकला हा प्रश्न आवडतो.

भेटू पुढच्या भागात!