सिंहाचा वाटा आणि खारीचा वाटा

गौरवसमारंभातील भाषणांत एक वाक्य हटकून येते : 'या संस्थेच्या उभारणीत सरांचा सिंहाचा वाटा आहे.' ऐकणाऱ्याला त्यात स्तुतीखेरीज काही जाणवत नाही. हेच वाक्य विद्यार्थी जेव्हा 'लायन्स शेअर' असे शब्दशः इंग्रजीत नेतो, तेव्हा इंग्रज वाचक क्षणभर थबकतो. सरांनी संस्थेतून घेतले तरी काय, अशी शंका त्याला यावी. अशा वाक्यांखाली आम्ही कित्येक वर्षे तांबडी रेघ ओढत आलो. ती रेघ कितपत न्याय्य होती याचा विचार मात्र फार उशिरा केला.

मूळ कथा इसापाच्या परंपरेतली. सिंह इतर प्राण्यांबरोबर शिकार करतो, शिकारीचे वाटे पाडतो आणि एकेक कारण सांगून सगळेच वाटे आपल्याकडे ओढतो. म्हणजे सिंहाचा वाटा हा मुळात मोठा वाटा नव्हेच. तो सर्वस्वाचा अपहार आहे. इंग्रजीत पुढे त्याची धार बोथट होऊन 'सर्वांत मोठा हिस्सा' एवढाच अर्थ उरला. तेथे कामाचाही लायन्स शेअर असू शकतो, पण तो कशाचा हे सांगावे लागते. मराठीत तसे सांगण्याची गरज राहिलेली नाही. नुसते 'सिंहाचा वाटा' म्हटले की योगदान, तेही निःस्वार्थ, असेच आपण समजतो. घेणारा सिंह मराठीत येऊन देणारा झाला.

हे केवळ अज्ञानातून घडले असे म्हणवत नाही. इसाप मराठीला परका नव्हता. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'इसापनीतिकथा' हे पुस्तक १८२८ सालचे. आमचा तर्क वेगळा आहे. मराठीत 'वाटा' हा शब्द घेण्याइतकाच उचलण्याचाही आहे, आणि त्याच्या शेजारी 'खारीचा वाटा' आहे. सेतुबंधनाच्या वेळी अंगाला वाळू माखून ती सेतूवर झटकणाऱ्या खारीची लोककथा घरोघर ठाऊक होती. शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या कानावर 'लायन्स शेअर' पडला असेल तेव्हा त्याच्या मनात इसापाची शिकार नव्हे, रामाचा सेतू उभा राहिला असणार. खारीने चिमूटभर वाळू दिली, तर सिंहाने केवढे दिले असेल! परकीय वाक्प्रचार समजून घेण्याची ही रीत कोशाला मान्य होणार नाही. भाषेला मात्र ती मान्य झाली.

असेच 'मधुचंद्र'चे. इंग्रजी 'हनीमून' सोळाव्या शतकात छापील ग्रंथांत दिसू लागतो, आणि १५५२ मधील ह्यूलेटच्या कोशातले त्याचे स्पष्टीकरण नवविवाहितांचे उत्कट प्रेम पुढे ओसरू लागते याकडेच बोट दाखवते. त्यातला चंद्र क्षयाचा होता. आमच्याकडे तो पौर्णिमेचा झाला. 'मधु' आणि 'चंद्र' हे दोन संस्कृत शब्द एकत्र आल्यावर उपरोधाला जागाच कोठे उरणार? 'हंसगीत' मात्र नीट रुजले नाही. मरणापूर्वी हंस गातो ही ग्रीकांची समजूत. प्लेटोच्या 'फीडो'त सॉक्रेटिस तिचा उल्लेख करतो. आपला हंस दूध आणि पाणी वेगळे करतो, गाण्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे हा शब्द समीक्षेच्या लेखांतच अधिक आढळतो, बोलण्यात क्वचितच.

या सर्व देवघेवीचा पाया घातला तो कोशकारांनी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, तर मेजर कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. पाठ्यपुस्तकांच्या भाषेवरही कँडीची नजर असे, आणि मराठी गद्यात विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय बरेचसे त्याच्याकडे जाते. पुढे १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली ती 'मराठी भाषेची सांप्रतची स्थिति' या विषयानेच. इंग्रजी वळणाने बिघडणाऱ्या मराठीची त्यांना चीड होती, आणि तरीही त्यांच्या स्वतःच्या गद्याची घडण मेकॉले आणि जॉन्सन यांच्या वाचनातून झाली होती. इंग्रजीला 'वाघिणीचे दूध' म्हटल्याचे त्यांच्या नावावर सांगितले जाते. ही प्रतिमा अस्सल मराठी आहे, पण ती ज्याच्याविषयी आहे ते दूध परके, ही गंमत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

आज विद्यार्थ्याच्या हाती जी मार्गदर्शिका पडते तिच्यात डावीकडे वाक्प्रचार आणि उजवीकडे अर्थ असतो. मधली कथा गळालेली असते. तिच्यात 'व्हाइट एलिफंट' समोर 'खर्चिक व निरुपयोगी वस्तू' असे लिहिलेले असते. सयामचा राजा नावडत्या दरबाऱ्याला पांढरा हत्ती भेट देई आणि तो पोसता पोसता दरबारी भिकेला लागे, अशी आख्यायिका त्यामागे आहे. तिच्या खरेपणाविषयी शंका आहे, कारण सयामात पांढरा हत्ती पवित्र होता आणि एकोणिसाव्या शतकात तो राष्ट्रध्वजावरही होता. मराठी मुलाला यातले काहीच सांगितले जात नाही. त्याला ऐरावत ठाऊक असतो, आणि दारी हत्ती झुलणे म्हणजे काय हेही ठाऊक असते. एकदा आमच्या एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत याचा अर्थ 'इंद्राचे वैभव' असा लिहिला होता. आम्ही त्याला शून्य गुण दिले, आणि वर्गात ते उत्तर हसत हसत वाचूनही दाखवले.