एकांताचा पूर्वपक्ष

आश्विन लागला की माहीम-दादरच्या वाचनालयांच्या फलकांवर निमंत्रणं दिसू लागतात. पावसाने अडवून धरलेल्या संध्याकाळी मोकळ्या होतात. नवरात्रातली व्याख्यानं, दिवाळी अंकांची प्रकाशनं, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, पुलंच्या जन्मदिनाच्या, म्हणजे 8 नोव्हेंबरच्या आसपासचे कार्यक्रम असं सगळं ओळीने येतं. माहीमच्या माणसाला यातलं पुष्कळसं पायी गाठता येतं. जे. के. सावंत मार्गावर दादर-माटुंगा सांस्कृतिक केंद्र आहे, जवळच यशवंत नाट्य मंदिर आहे, आणि थोडं पुढे गेलं की प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर. नेमक्या याच दिवसांत चांगल्या, मन लावून वाचणाऱ्या माणसांकडून एक वाक्य ऐकू येतं. ‘कार्यक्रमांना जाऊन काय मिळतं? तेवढ्या वेळात घरी पन्नास पानं वाचून होतात.’

हे मत उडवून लावण्यासारखं नाही. ते मांडणारी माणसं पुस्तकावर प्रेम करणारी आहेत. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष आधी पुरता मांडला पाहिजे. त्यांचे आक्षेप तीन. साहित्य ही एकांताची गोष्ट आहे, सभेची नव्हे. साहित्यिक कार्यक्रमांत साहित्य कमी आणि सत्कार जास्त असतात. आणि तिथे जमणारा समाज ठरावीकच असतो, बाहेरच्याला त्यात जागा नसते.

पहिल्या आक्षेपापासून सुरुवात करू. मराठीच्या बाबतीत तो इतिहासालाच धरून नाही. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये नेवाशाला सिद्ध झाली ती श्रोत्यांसमोर. ज्ञानेश्वर बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. ग्रंथभर श्रोत्यांना विनवणी आहे, त्यांच्या अवधानाची मागणी आहे, त्यांच्या कौतुकाने आलेला संकोचही आहे. समोरचा श्रोता त्या ग्रंथाच्या घडणीतच आहे. कीर्तन, प्रवचन, पोवाडा, भारूड ही सगळी परंपरा ऐकणाऱ्याला धरून वाढली. मूक वाचनाची सवय आपल्याकडे छापखान्याबरोबर रुळली. ती मोलाची आहे, पण साहित्याचं तेवढं एकच खरं रूप मानणं म्हणजे कालच्या सवयीला सनातन ठरवणं होय.

छापखाना आल्यावरही ऐकणं थांबलं नाही. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी गावोगाव एकत्र काव्यवाचन केलं. कवितासंग्रह ज्यांच्या घरी कधी आला नसता अशा माणसांपर्यंत त्यांची कविता त्यामुळे पोचली. परळ-लालबागच्या गिरणगावातून आलेल्या नारायण सुर्व्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह 1962 साली निघाला. त्यांची कविता पुस्तकाइतकीच त्यांच्या आवाजातूनही माणसांना कळली. बहिणाबाई चौधरींची गाणी तर आचार्य अत्र्यांच्या कानावर पडली म्हणूनच 1952 साली ग्रंथरूपाने आली. बहिणाबाईंचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती अत्र्यांपुढे ठेवली आणि हे सोनं दडवून ठेवता कामा नये, असा अत्र्यांनी आग्रह धरला. आज आपण ते पुस्तक एकांतात वाचतो. पण त्या एकांताच्या आधी कुणीतरी ऐकलेलं आहे.

दुसरा आक्षेप सत्कारांचा. तो बराचसा खरा आहे. शाल, श्रीफळ, लांबलेलं प्रास्ताविक आणि मूळ वक्त्याला उरलेली वीस मिनिटं हे दृश्य मीही पुष्कळदा पाहिलं आहे आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? संयोजनातला दोष हा संयोजन सुधारण्याचं कारण ठरतो, दार बंद करण्याचं नव्हे. जाणता वाचक घरी बसला, तर सभागृहात सत्कारच उरतील. तो तिथे असला, पुस्तक वाचून आला आणि त्याने उठून नेमका प्रश्न विचारला, तर वक्त्याला विषयाकडे यावंच लागतं. भाषणाचं चित्रण घरी पाहता येतं, हेही हल्ली सांगितलं जातं. अंथरुणाला खिळलेल्यासाठी किंवा परगावच्या माणसासाठी ती मोठीच सोय आहे. पण चित्रणाला उलटा प्रश्न विचारता येत नाही.

शिवाय ज्याला आपण उत्सवी म्हणतो ते व्यासपीठ कोणत्या कामी येऊ शकतं, हे 1975 साली कराडच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात दिसलं. आणीबाणी चालू होती. संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या, स्वागताध्यक्ष होते केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू तिथे उघडपणे मांडली आणि जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सभेला उभं केलं. पुढे 1976 साली त्यांना अटक झाली ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. एकांतवाद्यांना आदर्श वाचक हवा असेल, तर तो त्या ग्रंथालयात आयुष्य घालवणाऱ्या दुर्गाबाईंपेक्षा थोर कुठे सापडणार? त्यांनाही एक गोष्ट सभेत, माणसांसमोरच बोलावी लागली.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याचा उगमही फार मोठ्या माणसापाशी आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने 1878 साली पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. 1885 च्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण आलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. सर्वांचे मानवी हक्क मनापासून मान्य न करणाऱ्यांशी आपला मेळ बसणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. आजही संमेलनं नाकारणारे फुल्यांचा दाखला देतात. पण फुल्यांनी नाकारली ती एक विशिष्ट सभा. माणसांनी एकत्र येऊन विचार करणं त्यांनी नाकारलं नाही. 24 सप्टेंबर 1873 रोजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि तो सभांमधूनच वाढला.

त्यांच्यानंतरच्यांनीही हेच केलं. 2 मार्च 1958 रोजी दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक होते अण्णाभाऊ साठे. पृथ्वीचा भार शेषनाग नव्हे, तर दलित आणि श्रमिक पेलतात, हा त्यांचा विचार त्या भाषणातून महाराष्ट्रभर गेला. 1999 साली अखिल भारतीय संमेलन दादरला वसंत बापटांच्या अध्यक्षतेखाली झालं, तेव्हा धारावीत बाबुराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली पहिलं विद्रोही साहित्य संमेलन उभं राहिलं. माहीमच्या दक्षिणेला दादर आणि रूळ ओलांडले की पूर्वेला धारावी. आपलं ठाणं या दोन मांडवांच्या मध्ये आहे. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी सभा टाकून दिली नाही, दुसरी सभा भरवली. वगळलं जाण्यावरचा उपाय त्यांना एकांतात सापडला नव्हता.

म्हणून सिद्धांत असा. साहित्यिक कार्यक्रम हा वाचनाला पर्याय नाही, कुणी तसं म्हणूही नये. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून शरदात घरोघरी वाचण्याची रीत पडली, ती टिकलीच पाहिजे. पण एकट्याने वाचलेलं चारचौघांत पारखून घेतलं, दुसऱ्याला त्याच पानावर वेगळं काय दिसलं हे ऐकलं, लेखकाच्या तोंडून त्याच्या बोलीचा हेल कानावर पडला, म्हणजे ते वाचन पुरतं होतं. भाषा एकट्याची नसते. तिचं साहित्य तेवढं एकट्याचं कसं असेल?

तेव्हा यंदा निमंत्रण आलं तर पुस्तक वाचून जा, शक्य तर मागच्या रांगेत न बसता पुढे बसा आणि बरोबर एखाद्या तरुणाला न्या. घरची पन्नास पानं दुसऱ्या दिवशीही वाचता येतात. लेखकाला समोरासमोर विचारायचा प्रश्न मात्र त्याच संध्याकाळी विचारावा लागतो.