न्यूयॉर्क ते पॅरिस : दोरीने मोजलेले अंतर

१/ सन १९२७ चा प्रारंभ. अमेरिकेतील सॅन डिएगोच्या सार्वजनिक ग्रंथालयात दोन तरुण एका पृथ्वीगोलापुढे उभे होते. एक होता पंचवीस वर्षांचा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग; दुसरा, त्याचे विमान बांधणारा अभियंता डोनाल्ड हॉल. प्रश्न एकच होता : न्यूयॉर्कहून पॅरिस किती दूर?

२/ या दोन शहरांमध्ये न थांबता उड्डाण करणाऱ्यासाठी रेमंड ऑर्टिग यांनी १९१९ मध्ये २५,००० डॉलरचे पारितोषिक जाहीर केले होते. विमान अद्याप कागदावरही उतरले नव्हते. अंतर कळल्यावाचून इंधनाच्या टाक्यांचे आकारमान ठरणार नव्हते.

३/ लिंडबर्गने गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरीचा तुकडा ताणला आणि प्रमाणपट्टीने मोजला. अंतर भरले सुमारे ३,६०० मैल, म्हणजे जवळपास ५,८०० किलोमीटर.

४/ सपाट नकाशा का नको? मर्केटरने १५६९ मध्ये सिद्ध केलेल्या नकाशावरील सरळ रेषा होकायंत्राची एकच दिशा दाखवते, सर्वांत जवळची वाट नव्हे. गोलावर ताणलेली दोरी मात्र आपोआप बृहद्वृत्तावर स्थिरावते. पृथ्वीपृष्ठावरील लघुतम मार्ग तोच.

५/ म्हणूनच ही वाट थेट पूर्वेस न जाता प्रथम ईशान्येस, नोव्हा स्कोशिया व न्यूफाउंडलंडवरून जाते आणि पुढे आग्नेयेकडे वळते.

६/ वाऱ्यासाठी व चुकांसाठी ४०० मैलांची शिल्लक धरून ४,००० मैलांचा पल्ला ठरला. मुख्य टाकी वैमानिकाच्या पुढ्यात आली आणि समोरची काच गेली. वजन वाचवण्यासाठी रेडिओ व हवाई छत्री वगळली. नकाशांचे अनावश्यक भागही कापले गेले.

७/ बृहद्वृत्तावर दिशा सतत बदलते. त्यामुळे लिंडबर्गने मार्गाचे शंभर-शंभर मैलांचे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्यासाठी होकायंत्राची नवी दिशा नोंदवली. समुद्रावर खुणेचा दगड नसतो. वेग, वेळ आणि दिशा यांवरूनच स्थान ताडायचे होते.

८/ जोखीम कल्पित नव्हती. ८ मे १९२७ रोजी पॅरिसहून न्यूयॉर्ककडे निघालेले नुंगेसेर आणि कोली हे फ्रेंच वैमानिक कायमचे बेपत्ता झाले होते.

९/ २० मे रोजी सकाळी सुमारे १,७०० लिटर इंधन घेऊन लिंडबर्ग निघाला. धुके, हिमकण आणि अनावर झोप यांतून जाताना आखलेली वाट अनेकदा सुटली. तरीही आयर्लंडचा किनारा दिसला, तेव्हा तो नियोजित मार्गापासून अवघ्या काही मैलांवर होता.

१०/ साडेतेहतीस तासांनी, २१ मेच्या रात्री, तो पॅरिसजवळील ल बूर्जेच्या मैदानावर उतरला. टाक्यांत अजून तीनशेहून अधिक लिटर इंधन शिल्लक होते.

११/ या विक्रमाचे अधिकृत अंतर नोंदले गेले ५,८०९ किलोमीटर, म्हणजे सुमारे ३,६१० मैल. ग्रंथालयातील दोरीचा अंदाज चुकला होता तो जेमतेम दहा मैलांनी.