शिकाऱ्याने रंगवलेले रान

वन्यप्राण्यांचा चित्रकार म्हटला की मुक्या जिवांवर माया करणारा, त्यांच्या केसालाही धक्का न लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. स्वीडनचा ब्रुनो लिल्येफोर्स (१८६०–१९३९) या कल्पनेत बसत नाही. उप्सालात जन्मलेला हा चित्रकार हाडाचा शिकारी होता, आणि त्याच्या चित्रांतले रान खरे वाटते ते त्याच्या शिकारीमुळेच, असे माझे मत आहे. त्याच्या आधीच्या पिढीतल्या एडविन लँडसीर या चित्रकाराने १८५१ साली रंगवलेले प्रसिद्ध हरीण पाहा. ते राजाच्या तोऱ्यात उभे आहे आणि डोंगर नाटकाच्या पडद्यासारखे मागे टांगलेले आहेत. लिल्येफोर्सचा प्राणी मात्र आपल्या जागेतच विरघळतो. त्याचा ससा बर्फात आणि पाणपक्षी लाटांत शोधावा लागतो. सावजामागे तासन्‌तास दबा धरून बसणाऱ्यालाच ही लपाछपी कळते.

यावर आक्षेप असा की, मेलेले प्राणी मांडून काढलेल्या चित्राला निसर्गचित्र कसे म्हणायचे? आक्षेप पोकळ नाही. १८८४ च्या ‘ससाणा आणि काळे ग्राउझ’ या चित्रासाठी त्याने ससाणा स्वतः मारला. मग उघड्यावर झुडपे वाकवून तो आणि रानकोंबड्यांसारखे ते ग्राउझ त्यांत अशा बेताने बसवले की झडप जिवंत वाटावी. हे खरे तर निर्जीव वस्तूंचेच चित्र, हे त्याने स्वतः सांगून ठेवले आहे. पण कलेवरातून मिळतो तो पिसांचा रंग आणि पंखाचा सांधा. झडपेचा क्षण मिळत नाही. तो आठवणीतूनच यावा लागतो, आणि ती आठवण रानात बसल्याशिवाय साठत नाही. शिवाय हे सारे त्याने स्टुडिओच्या खिडकीशी मांडले असते, तर पिसांवर उघड्यावरचा उजेड पडला नसता.

चित्रासाठी जीव घेणे आज कुणी मान्य करणार नाही, आणि करूही नये. कॅमेरा व दुर्बीण असताना त्याची गरजही उरलेली नाही. पण आजच्या नीतीच्या मापाने त्या काळचे ज्ञान खोटे ठरत नाही. याचा दाखला म्हणजे, १८९३ साली निसर्ग-अभ्यासक गुस्ताफ कोल्टहोफने स्टॉकहोममध्ये जीवशास्त्र संग्रहालय उभारले. तिथे पेंढा भरलेले प्राणी काचेच्या कपाटात ओळीने न ठेवता खडक, झाडे, पाणी यांच्यात मांडले. मागची भव्य निसर्गचित्रे लिल्येफोर्सची होती. प्राणी त्याच्या जागेपासून तोडून दाखवला तर तो अर्धाच दिसतो, हे शहरी प्रेक्षकाला तिथे समोर दिसले. पुढे १९०८ मध्ये लिल्येफोर्सने स्टॉकहोमजवळच्या द्वीपसमूहातले बुलेरो बेट शिकारीसाठी घेतले. ते बेट आज संरक्षित निसर्गक्षेत्र आहे.