आधी कोणाला?

९ जानेवारी २०२१. कोरोना सरला नव्हता, लसीकरण सुरू व्हायला आठवडा होता. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मध्यरात्र उलटल्यावर नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. १७ लेकरं होती. ७ वाचली, १० गेली. कक्षाचे दोन भाग : तिथंच जन्मलेल्यांचा ‘इनबॉर्न’, बाहेरून आणलेल्यांचा ‘आउटबॉर्न’. गेलेली दहाही आउटबॉर्नमधली.

ही वाटणी जातीची नव्हे, हे आधीच सांगतो. बाहेरच्या बाळासोबत जंतू येतात म्हणून वेगळं ठेवतात. पण गावकुसाबाहेर जन्मलेल्याच्या कानात हा शब्द वेगळाच वाजतो, त्याला मी तं काय करू?

नेपोलियनच्या फौजेतला सर्जन लॅरे यानं नियम घातला होता : ज्याची जखम भारी त्याला आधी, हुद्दा पाहायचा नाही. त्यानंतर शंभरावर वर्षांनी काठियावाडात एका अस्पृश्य मास्तराची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर दोन रुपये घेऊन आला, पण वस्तीत पाय ठेवीना. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाकडं दिलं, त्यानं मास्तराकडं, मास्तरानं बायकोकडं. परतही तसंच. निमोनिया म्हणाला. बाई मेली. मास्तराचं पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आलं, बाबासाहेबांनी ते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त घेतलं.

इथं निदान नाकारणारा दिसतो तरी. १९१८ च्या इन्फ्लुएंझात मुंबईतले हजारी मृत्यू बघा : युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, खालच्या जातींचे हिंदू ६१.६. कोणा डॉक्टरनं यादी करून आपल्याला शेवटी टाकलं नव्हतं. यादी अंधाऱ्या खोल्यांनी केली, रिकाम्या पोटानं केली.

मार्च २०२० मध्ये इटलीतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं लिहूनच दिलं : खाटा कमी पडल्या तर वाचायची शक्यता जास्त त्याला आधी. ऐकायला बरोबर वाटते. मी राईस मिलमधला माणूस, निवडणं मला समजते : अख्खा दाणा वेगळा, कनकी वेगळी. पण दाणा कुठं फुटला हे चाळणी विचारत नाही. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल कोणाच्या रक्तात जास्त? आपल्या वस्त्यांत आणि आदिवासींत. त्या पोराची ‘शक्यता’ कागदावर आधीच कमी. डॉक्टर कितीही प्रामाणिक असो, गणित जातीचंच निघते.

बंगालातला एक मजूर १९९२ साली रेल्वेतून पडला. डोक्याला मार, एकामागून एक सरकारी दवाखाने फिरला, खाट नाही. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं २५,००० रुपये भरपाई दिली आणि ठरवलं : सरकारी दवाखान्यानं वेळेवर उपचार न देणं म्हणजे कलम २१ चा भंग, पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही.

हा निकाल आपल्यातल्या किती पोरांना माहीत आहे? मोर्च्यात झेंडा धरता ना? तं मग पुढली साथ यायच्या आधी दवाखान्यात जाऊन विचारा : खाट कमी पडली तं यादी कोण करते, कशावरून करते, आणि ती भिंतीवर काहून लावत नाही?